धुराची उतरंड

2023 च्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहराचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. शेकडो मैल दूर, कॅनडात, जंगले पेटली होती आणि त्यांचा धूर वाऱ्याबरोबर शहरावर उतरला होता. त्या वर्षी कॅनडात सुमारे 1.5 कोटी हेक्टर जंगल जळाले. घरेदारे सोडून जावे लागलेल्यांत तेथील आदिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. परंतु जगभर छायाचित्रे गेली ती न्यूयॉर्कची. वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, नुसत्या धुराने माणूस मरतो का?" मी "होय" म्हणालो. आणि मला माझ्याच घराची आठवण झाली. ज्या धुरात मी वाढलो त्याविषयी हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

धूर म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. लाकूड तापले की त्यातून प्रथम वायू आणि वाफा बाहेर पडतात. भरपूर हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते वायू पेट घेतात. आपल्याला ज्योत दिसते ती त्यांचीच. हवा कमी पडली किंवा लाकूड ओले असले, तर उष्णता पाणी आटवण्यातच खर्ची पडते, वायू अर्धवट जळतात आणि त्यांचे सूक्ष्म कण बनतात. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेन्झिन आणि फॉर्मल्डिहाइड असते, बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात. कॅनडातले झाड असो की मराठवाड्यातली वेडी बाभूळ, अर्धवट जळण्याची रीत एकच.

यातले सर्वांत घातक कण 2.5 मायक्रॉनहून लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते. हे कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली घातलेली मर्यादा अशी, की चोवीस तासांत घनमीटर हवेमागे असे कण सरासरी 15 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. भारताने 2009 साली ही मर्यादा 60 ठरविली. चूल पेटणाऱ्या बंद खोलीत हे प्रमाण काही शेकड्यांत जाते.

आमचे घर गावकुसाबाहेर होते. एकच खोली, खिडकी नाही. जमीन नव्हती, म्हणून तुराट्या-पऱ्हाट्या आमच्या मालकीच्या नव्हत्या. गोठा नव्हता, म्हणून हक्काच्या गोवऱ्या नव्हत्या. बांधावरचे झाड ज्याचा बांध त्याचे. सुगी झाल्यावर मालकाने परवानगी दिली तर माय ज्वारीची धसकटे वेचून आणी. एरवी वेड्या बाभळीच्या काट्या. पावसाळ्यात ते जळतण ओले होई आणि फुंकणीने फुंकून फुंकून मायचे डोळे लाल होत. आम्ही पुरुषमाणसे त्या वेळी दाराबाहेर बसून समाजाच्या उद्धाराच्या गप्पा मारत असू, हेही येथे नमूद करणे मला भाग आहे.

इंधनाचे अभ्यासक 'इंधनाची शिडी' असा शब्द वापरतात. तळाला काडीकचरा आणि शेण, त्यावर लाकूड, मग कोळसा व रॉकेल, सर्वांत वर गॅस आणि वीज. घराची मिळकत वाढली की माणूस एकेक पायरी चढतो, असे ते सांगतात. परंतु आपल्या गावातली शिडी केवळ पैशाची नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जमीन, झाड आणि जनावर कोणाच्या मालकीचे, हे जिथे पिढ्यान् पिढ्या जातीने ठरत आले तिथे वाळके लाकूड कोणाच्या चुलीत जाणार आणि ओली काटकी कोणाच्या, हेही त्याच व्यवस्थेने ठरविले. मडक्यांच्या उतरंडीत सर्वांत खालच्या मडक्यावर सगळा भार असतो. धुराचेही तसेच आहे, आणि त्या मडक्याच्याही खाली चुलीपुढे बसलेली बाई आहे.

काही वर्षांपूर्वी मायला चार पावले चालताना धाप लागू लागली. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "मावशी, बिडी किती ओढता?" माय म्हणाली, "न्हाई बापा, म्या कव्हाच बिडी वढली न्हाई." त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेला मुलगा म्हणून मी साक्ष द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असावी. चुलीविषयी त्यांनी विचारले नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

वास्तविक हे ज्ञान नवे नव्हते. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासातला धूर मोजला होता. ती पाहणी 1983 साली प्रसिद्ध झाली. पुढे स्मिथ यांनी दाखवून दिले, की घरात सोडलेला धूर माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता कारखान्याच्या उंच चिमणीतून सोडलेल्या धुरापेक्षा सुमारे हजारपट अधिक असते. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणाचा धूर सोसणारे सुमारे तीनशे कोटी. तेव्हा धाप लागण्याच्या दीर्घ आजाराचे मोठे कारण चूलच असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराने 32 लाख माणसे मेली. त्यांत पाच वर्षांखालील मुले 2 लाख 37 हजारांहून अधिक होती.

मग उपाय झाले नाहीत काय? झाले. 1983-84 साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो 2002 साली बंद पडला. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी आमच्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. गॅस गरिबाच्या घरात आला, हे मोठे काम झाले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु सरकारचेच आकडे सांगतात, की उज्ज्वलाच्या घरात 2019-20 साली वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरले गेले आणि 2023-24 साली जेमतेम चार. एवढ्यात वर्षाचा स्वयंपाक होत नाही. पाहुणा आला की गॅस, एरवी चूल. ज्या घरात रोजची मजुरी रोज संपते, तिथे सिलिंडरचे पैसे एकरकमी आणायचे कोठून? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातील 43 टक्केच घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती.

येथे एक धोका आहे. 2015 सालच्या आकड्यांवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितले, की देशातल्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे 24 टक्के घरगुती जळणातून येतात. चुलीचा धूर बाहेर पडून सर्वांच्याच हवेत मिसळतो. उद्या कोणी म्हणेल, शहराची हवा या बायाच बिघडवितात. ज्यांच्या वाट्याला ओल्या काटकीखेरीज काही ठेवले नाही त्यांनाच गुन्हेगार ठरविणे ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. धूर तिने केला असे म्हणण्यापूर्वी तो तिने किती वर्षे गिळला, हे विचारले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. वस्तीची पाहणी करताना जमीन, मजुरी, शिक्षण यांबरोबर तीन प्रश्न विचारा: चुलीत काय जळते, ते कोण आणते, आणि सिलिंडर वर्षातून किती वेळा भरला जातो. घरकुलाची मागणी करताना स्वयंपाकाच्या जागेला खिडकी आणि धुराडे मागा. विद्यार्थ्यांनो, सुटीत घरी गेलात की एक दिवस फुंकणी हातात घ्या.

मायचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर 'व्यसन' या शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह आहे आणि खाली रोगाचे नाव आहे. कारणाची जागा कोरी आहे. तेथे 'चूल, पस्तीस वर्षे' एवढे लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे.