पाय ओळखणारा मॅनेजर

कुरूप काढायचं तर हात हलका हवा. पातं जवळजवळ आडवं धरून कडक कातडीचे पापुद्रे एकेक करून सोलायचे, मधला खडा दिसू लागला की तो जपून उकरायचा, आणि पाऊल जरा दचकलं तरी हात जागच्या जागी थांबवायचा. समोरचा माणूस तोंडाने 'काही दुखत नाही' म्हणत असतो. पाऊल खरं काय ते सांगून टाकतं. नील वॉर्नॉक यांनी या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. १९८० च्या सुमारास दिवसा ते लोकांच्या पायांवर उपचार करत आणि संध्याकाळी इंग्लंडच्या लिंकनशरमधल्या गेन्सबरो ट्रिनिटी या छोट्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर असत. त्यांचे खेळाडूही दिवसभर पोटापाण्याचं काम उरकून, किटची पिशवी खांद्याला लावून मैदानावर येणारे.

वॉर्नॉक जन्मले शेफील्डमध्ये, १ डिसेंबर १९४८ रोजी. वडील पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवत. आईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. नील १३ वर्षांचे असताना ती गेली. १९६७ पासून ते विंगर म्हणून खेळले: चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कनथॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क आणि शेवटी क्रू. बारा वर्षांत आठ क्लब, तीनशेहून जास्त लीग सामने, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये.

ही क्लबांची यादी नुसती वाचून पुढे जाऊ नये. खालच्या डिव्हिजनमध्ये खेळाडूचं वर्ष मे महिन्यात ठरतं. हंगाम संपला की क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी लागते. यादीत नाव नसलं की घर, मुलांची शाळा, बायकोची नोकरी सगळंच हलवायचं. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली, पण पैसा वरच्या क्लबांकडे गेला. चौथ्या डिव्हिजनमधल्या माणसाला तिशी ओलांडल्यावर हाताशी दुसरा धंदा लागायचाच. पाय तपासण्याचं शिक्षण वॉर्नॉक यांनी घेतलं ते याच हिशेबाने. ते पंचाची परीक्षाही पास झाले होते. पुढे पंचांशी सर्वाधिक भांडलेल्या मॅनेजरांत त्यांची गणना झाली, ही गोष्ट वेगळी.

गेन्सबरोनंतर पाच वर्षं बर्टन अल्बियन, आणि १९८६ मध्ये समुद्रकाठचं स्कारबरो. तोवर इंग्लिश लीगचे ९२ क्लब म्हणजे बंद वाडा होता. चौथ्या डिव्हिजनमध्ये तळाला राहिलेल्या चार क्लबांनी बाकीच्यांकडे मतं मागायची, आणि बहुतेक वेळा जुन्या सोबत्यांना मतं मिळायची. बाहेरचा क्लब कितीही चांगला खेळला तरी दाराशी ताटकळत राहायचा. १९८६-८७ च्या हंगामापासून नियम बदलला: बाहेरच्या कॉन्फरन्स लीगचा विजेता थेट आत, तळाचा क्लब थेट बाहेर. लिंकन सिटी बाहेर गेली आणि आत आलं वॉर्नॉक यांचं स्कारबरो. मतांची याचना न करता, नुसत्या गुणांच्या जोरावर त्या दारातून आत आलेला हा पहिला क्लब.

१९८९ च्या जानेवारीत ते नॉट्स काउंटीत गेले. तिथे सलग दोन वर्षं वेम्ब्लीवर बढतीच्या प्ले-ऑफची अंतिम लढत जिंकली: १९९० मध्ये ट्रॅनमीअरला २-० असं हरवून दुसरी डिव्हिजन, १९९१ मध्ये ब्रायटनला ३-१ असं हरवून पहिली. १९९५ मध्ये हडर्सफील्डबरोबर पुन्हा वेम्ब्ली, आणि पुढच्याच वर्षी प्लिमथबरोबर परत तेच मैदान. सात हंगामांत चार वेळा.

हे जमलं कसं? त्यांचे संघ लांब चेंडू मारतात, धसमुसळं खेळतात, असं बोलणारे पुष्कळ. पण एक साधी गोष्ट पाहा: त्यांच्यामागून कोण चाललंय. स्कारबरोचा गोलकीपर केव्हिन ब्लॅकवेल नॉट्स काउंटी, टॉर्की, हडर्सफील्ड, प्लिमथ असा त्यांच्याबरोबर गेला आणि पुढे त्यांचा सहायक झाला. बचावपटू क्रेग शॉर्ट स्कारबरोतून नॉट्स काउंटीत आला, १९९२ मध्ये डर्बीने त्याच्यासाठी २५ लाख पौंड मोजले, आणि कारकिर्दीच्या उतारावर तो पुन्हा वॉर्नॉक यांच्याच शेफील्ड युनायटेडमध्ये दाखल झाला. पॅडी केनीला त्यांनी लीगबाहेरच्या ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यूतून बरीला आणलं. पुढे तो शेफील्ड युनायटेड, क्वीन्स पार्क रेंजर्स आणि लीड्स या तिन्ही ठिकाणी त्यांचा गोलकीपर होता. पैसा नसलेल्या क्लबला नवे खेळाडू विकत घेऊन चुका सुधारता येत नाहीत. माणूस आधीच पारखून घ्यावा लागतो, आणि ही पारख मे महिन्यातली यादी स्वतः पाहिलेल्याला असते.

रेंजर्समधलं उदाहरण याहून बोलकं आहे. मोरोक्कोचा अदेल ताराब्त अफाट गुणी, पण चेंडू पायाशी धरून ठेवणारा. त्याला सुधारण्याच्या फंदात वॉर्नॉक पडले नाहीत. त्याला कप्तान केलं आणि बाकीच्यांना बजावलं: आपल्या अर्ध्या मैदानात याला चेंडू द्यायचा नाही. चेंडू गमावलाच तर गोलपासून लांब गमावला जाईल. २०१०-११ मध्ये ताराब्तने लीगमध्ये १९ गोल केले आणि रेंजर्स अजिंक्यपद घेऊन प्रीमियर लीगमध्ये गेले.

वॉर्नॉक यांचा स्वतःचा क्लब मात्र लहानपणापासून एकच, शेफील्ड युनायटेड. १९९९ च्या डिसेंबरात तो त्यांच्या हाती आला. तिथला एक डाग लपवण्यासारखा नाही: मार्च २००२ मध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्ध तीन खेळाडूंना लाल कार्ड मिळालं, आणखी दोघे दुखापतीने बाहेर गेले, सहाच उरले आणि सामना सोडून द्यावा लागला. पण २००६ मध्ये याच क्लबला त्यांनी प्रीमियर लीगमध्ये नेलं.

१३ मे २००७. ब्रॅमल लेनवर हंगामाचा शेवटचा सामना, समोर विगन. प्रीमियर लीगमध्ये टिकायला युनायटेडला बरोबरीही पुरेशी होती. शार्नरने विगनला पुढे नेलं, जॉन स्टेडने बरोबरी साधली. मध्यंतर तोंडावर असताना युनायटेडच्या पेनल्टी क्षेत्रात फिल जॅगिएल्काचा हात चेंडूला लागला. पेनल्टी मारायला पुढे आला डेव्हिड अन्सवर्थ, जो त्याच जानेवारीपर्यंत युनायटेडचा खेळाडू होता. गोल. दुसऱ्या अर्ध्यात डॅनी वेबरचा फटका खांबाला लागून परतला. १-२. दोन्ही क्लबांचे ३८ गुण, गोलफरक विगनचा उणे २२, युनायटेडचा उणे २३. एका गोलने युनायटेड खाली घसरलं. तिकडे ओल्ड ट्रॅफर्डवर घसरणीच्या धोक्यात असलेलं वेस्ट हॅम आपल्या टेवेझ या खेळाडूच्या गोलवर वाचलं होतं. टेवेझच्या करारात त्या क्लबने नियम मोडले होते आणि त्याबद्दल दंडही भरला होता, पण गुण कापले गेले नव्हते. पुढे युनायटेडला भरपाई मिळाली. जागा परत मिळाली नाही. वॉर्नॉक यांनी तीन दिवसांत पद सोडलं. हा निकाल अन्यायाचा होता, हे म्हणायला शेफील्डचं असण्याची गरज नाही.

त्याच उन्हाळ्यात, जून २००७ मध्ये, स्कारबरो क्लब कर्जापायी बंद पडला.

वॉर्नॉक थांबले नाहीत. २०१६ मध्ये रॉदरहॅमने बोलावलं, जिथे ते साठ-सत्तरच्या दशकांच्या सांध्यावर स्वतः खेळले होते. संघ बुडत होता. डर्बीविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून शेवटच्या काही मिनिटांत ३-३ बरोबरी झाली, सलग ११ सामने हार नाही, आणि क्लब तरला. २०१८ मध्ये कार्डिफ प्रीमियर लीगमध्ये गेलं. ही त्यांची आठवी बढती. पुढच्या जानेवारीत कार्डिफचा नवा खेळाडू एमिलियानो साला विमान अपघातात गेला, संघात पाऊल ठेवण्याआधीच. त्या धक्क्यातल्या संघाला घेऊन ७० वर्षांचे वॉर्नॉक हंगामभर झुंजले, तरी कार्डिफ खाली घसरलं.

वरच्या पातळीवर त्यांना टिकता आलं नाही, हे खरंच आहे. चार क्लब त्यांनी सर्वोच्च डिव्हिजनमध्ये नेले; तीन पहिल्याच वर्षी परत आले आणि रेंजर्सने त्यांना हंगामाच्या मध्यावर काढलं. पण चौथ्या मजल्यावरून वर चढवणाऱ्याचं माप पहिल्या मजल्यावरच्या मुक्कामाने घेणं चुकीचं आहे. खालचे क्लब चालतात म्हणून वरची लीग उभी आहे, आणि ते चालवायला अशीच माणसं लागतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मिडल्सब्रोत असताना त्यांनी मॅनेजर म्हणून सर्वाधिक सामन्यांचा, डारिओ ग्राडी यांचा १,६०१ सामन्यांचा विक्रम मोडला आणि काही दिवसांतच, ६ नोव्हेंबरला, त्यांची नोकरी गेली. २०२३ मध्ये, २८ वर्षांपूर्वी वर नेलेल्या हडर्सफील्डला त्यांनी घसरण्यापासून वाचवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते स्कॉटलंडच्या आबरडीनला तात्पुरते मॅनेजर झाले. ९ मार्चला संघाने किल्मारनॉकला हरवून स्कॉटिश कपची उपांत्य फेरी गाठली आणि त्याच दिवशी त्यांनी पद सोडलं. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते.