आजचा धूर, तीस वर्षांनंतरचा आजार

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ माणसे दगावली. १९४७ साली हाच आकडा ९,२८७ झाला. कारण शोधायला निघालेल्या रिचर्ड डॉल यांचा पहिला संशय डांबरी रस्त्यांवर आणि मोटारींच्या धुरावर होता. सिगारेट तर तेव्हा बहुतेक पुरुष ओढत, डॉलही ओढत. सगळेच करतात त्या गोष्टीवर संशय घ्यायचा कुणाला सुचणार?

डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या सवयी खोदून खोदून विचारून घेतल्या. १९५० साली निष्कर्ष छापून आले. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते. इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत २७. पाहणी पुरी होण्याआधीच डॉल यांनी सिगारेट सोडली होती.

त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर आणि एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनीही हेच दाखवले. कर्करोगाने ग्रासलेले अख्खे फुप्फुस काढून रुग्ण वाचवण्याची शस्त्रक्रिया ग्रॅहम यांनी १९३३ साली यशस्वी केली होती. स्वतः सिगारेट ओढणाऱ्या या शल्यविशारदाला आधी हा संबंध पटत नव्हता. पटल्यावर त्यांनी सिगारेट सोडली, पण १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. १९३३ सालचा तो रुग्ण तेव्हाही हयात होता.

या विषयात मला सर्वांत घातक वाटतो तो धूर आणि आजार यांच्यामधला उशीर. धुरातला बेंझोपायरीन शरीरात रूप बदलतो आणि पेशींच्या डीएनएला चिकटतो. पेशीची बेलगाम वाढ रोखणाऱ्या पी५३ या जनुकात तो नेमका जिथे चिकटतो, तिथेच फुप्फुसाच्या गाठींमध्ये बिघाड सापडतात, हे १९९६ साली दिसले. पण एका बिघाडाने कर्करोग होत नाही. एकाच पेशीत असे अनेक बिघाड साचावे लागतात, आणि त्याला वीस-तीस वर्षे जातात. तोवर माणूस ठणठणीत असतो, म्हणून त्याला धोका खरा वाटत नाही.

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढायचे,’ हे घरोघर ऐकू येते. आजोबा वाचले, हे खरेच. पण त्यांच्याबरोबर ओढणारे जे साठीतच गेले, ते पारावर बसून आपली गोष्ट सांगायला उरत नाहीत. ‘दिवसाला दोन-चारच’ हाही फसवा दिलासा आहे, कारण रोजच्या संख्येपेक्षा एकूण किती वर्षे ओढली याचा परिणाम अधिक होतो. विडीत तंबाखू कमी असली तरी तेंदूच्या पानामुळे ती सारखी विझते आणि पेटती ठेवायला जास्त झुरके घ्यावे लागतात. तिला सौम्य समजू नका.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लांबलेला खोकला, थुंकीतून रक्त, घटलेले वजन ही क्षयाचीही लक्षणे, त्यामुळे कर्करोगाच्या काही रुग्णांचे महिनोन्‌महिने क्षयाच्या औषधांत निघून जातात. औषधाने खोकला हटत नसेल, तर पुढच्या तपासण्यांचा आग्रह घरच्यांनीच धरावा.

सोडण्याचा उपयोग किती? डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी २००० साली ब्रिटनमधल्या पुरुषांचा हिशेब मांडला. ओढतच राहणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १६ जणांना पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका. साठीत सोडली तर १०, पन्नाशीत ६, चाळिशीत ३, तिशीत २. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.