डिस्कवरील लेखनभार आणि संगणकाची तत्परता

क्षेत्रकार्यात जमविलेली ध्वनिमुद्रणे बाह्य डिस्कवर उतरविली जात असता लिनक्स संगणक पुष्कळदा खोळंबतो. याचे मूळ प्रोसेसरच्या दुर्बलतेत नसून लेखनाच्या व्यवस्थेत आहे. लिनक्स मजकूर प्रथम स्मृतीत साठवितो व मागाहून डिस्कवर उतरवितो. सामान्यतः उपलब्ध स्मृतीच्या १० टक्के इतका अलिखित मजकूर साचला, की पार्श्वभूमीवर लेखन सुरू होते. २० टक्क्यांची मर्यादा गाठताच लिहिणाऱ्या प्रक्रियांनाच थोपविले जाते. उपलब्ध स्मृती १६ गिगाबाइट असल्यास ही थकबाकी ३.२ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते. सेकंदास १० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कला ती फेडण्यास पाच मिनिटांहून अधिक अवधी लागेल.

‘डर्टी_बाइट्स’ ही मर्यादा काहीशे मेगाबाइटांवर आणल्यास खोळंबा आटोक्यात राहतो. ‘आयोनाइस’ आज्ञेने कामाचा अग्रक्रम उतरविता येतो. २०१७ साली लिनक्समध्ये आलेला ‘बीएफक्यू’ नियोजक तो पाळतो. तथापि स्मृतीत साचलेले लेखन कर्नल स्वतः उरकीत असल्याने या आज्ञेचा प्रभाव मुख्यतः वाचनावर पडतो.

यातून आणखी एक सावधगिरी निष्पन्न होते. प्रत पूर्ण झालेली दिसली, तरी तिचा काही अंश स्मृतीतच असू शकतो. म्हणून डिस्क अनमाउंट केल्यावाचून काढू नये. अन्यथा पुन्हा न मिळणारे ध्वनिमुद्रण कायमचे गमवावे लागेल.