स्वतःचा पैसा स्वतःच्या हाताने



आपल्या पाड्यांवरील बऱ्याच दिव्यांगांचे अनुदान आता थेट बँक खात्यात जमा होते. पण खात्यातला पैसा हातात यायचा तर एटीएमसमोर किंवा गावातल्या बँक मित्राच्या यंत्रासमोर उभे राहावे लागते.

समजा, मोखाडा तालुक्यातील एक दृष्टिहीन बाई बाजाराच्या दिवशी एटीएमवर आली. पडद्यावरचे तिला दिसत नाही. मग ती कार्ड कोणाच्या तरी हाती देते आणि आपला पिन रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगते. मदत करणारा प्रामाणिक असेल तर ठीक. तरीही किती पैसे निघाले आणि खात्यात किती उरले, हे तिला त्याच्याच तोंडून कळते. पैसा तिचा, पण ताबा दुसऱ्याचा. दिव्यांगांना स्वतः चालवता येईल असे यंत्र का हवे, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

यंत्र कसे असावे?

पहिला प्रश्न यंत्रापर्यंत पोहोचण्याचा. दारात दोन पायऱ्या असल्या की व्हीलचेअर बाहेरच राहते. उतार बांधताना साधा नियम लक्षात ठेवावा: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. त्याहून उभा उतार दिसायला उतार असतो, पण एकट्याने चढता येत नाही. आत खुर्ची वळवण्याइतकी जागा हवी. पडदा आणि बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला लागावीत. एटीएमला उतार असावा आणि त्याची उंची व्हीलचेअरवरील व्यक्तीला अडचणीची ठरू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच बँकांना कळवले आहे.

दुसरा प्रश्न न पाहता यंत्र चालवण्याचा. त्यासाठी बोलणारे एटीएम असते. भारतातील पहिले बोलणारे एटीएम २०१२ मध्ये अहमदाबादेत सुरू झाले. १ जुलै २०१४ पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल बटणांचे असावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. यंत्रावर इअरफोन लावण्याचे छिद्र असते. साधा तारेचा इअरफोन त्यात घातला की सूचना फक्त आपल्याच कानात ऐकू येतात. आकड्यांपैकी ५ च्या बटणावर उंचवटा असतो. तो बोटाला सापडला की बाकीचे आकडे त्याच्या भोवती ओळखता येतात.

तिसरा प्रश्न वेळेचा. हात थरथरणाऱ्याला किंवा सूचना सावकाश समजणाऱ्याला बटण दाबायला उशीर होतो, तेवढ्यात यंत्र व्यवहार रद्द करते. माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यंत्रातला मराठी आवाजही प्रथम परकाच वाटतो. म्हणून यंत्राने पुरेसा वेळ द्यावा, वाक्ये छोटी असावीत आणि सूचना पुन्हा ऐकता यावी.

अंगठा न उमटणारे

बँक मित्राच्या यंत्रावर किंवा रेशन दुकानात आधारसाठी बोटाचा ठसा द्यावा लागतो. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची बोटे झिजलेली असतात. काहींना हात नसतो. आयुष्यभर माती-दगडात राबलेल्यांचेही ठसे पुसट होतात. अशांना “मशीन घेत नाही” एवढेच सांगून परत पाठवणे योग्य नव्हे. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारी यंत्रेही आहेत. तशी सोय कोठे आहे याची चौकशी करावी. दृष्टिहीन ग्राहकाने अंगठा ठेवण्याआधी रक्कम मोठ्याने सांगायला लावावी आणि प्रत्येक वेळी छापील पावती मागावी. नव्या नोटांच्या कडेला उंचावलेल्या तिरप्या रेषा असतात: १०० च्या नोटेवर ४, तर ५०० च्या नोटेवर ५. नोट फार मळलेली नसेल तर त्या बोटाला जाणवतात.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले असून कुष्ठमुक्त व्यक्तींचाही त्यात समावेश आहे. सार्वजनिक सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी असावी, हे हा कायदा सांगतो. अशा सोयींचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शिवाय बँकांनी दिव्यांगांना आणि ७० वर्षांवरील ज्येष्ठांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये कळवले आहे. त्यात रोख रक्कम घरी पोहोचवणेही येते.

आपण काय करू शकतो?

कागदावरचा नियम तालुक्याच्या गावी पोहोचला आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते. आपल्या मंडळीतील दोघा-तिघांनी जवळच्या एटीएमवर एखाद्या दिव्यांग व्यक्तीला सोबत घेऊन जावे आणि पाच गोष्टी पाहाव्यात: उतार आहे का, खुर्ची आत वळते का, बटणांपर्यंत हात पोहोचतो का, इअरफोन लावल्यावर आवाज येतो का, पावती निघते का. जे आढळेल ते लिहून शाखा व्यवस्थापकांना द्यावे आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही दाद मागता येते.

बोलणारे यंत्र जवळ असेल तर एखादा इअरफोन घेऊन आपल्या बांधवाला गर्दी नसताना तेथे न्यावे. पहिल्या वेळी शेजारी थांबावे, दुसऱ्या वेळी दारात. तिसऱ्या वेळी बाहेर थांबावे. पिन मात्र कधीही विचारू नये, त्याने आपणहून सांगितला तरी ऐकू नये. तो स्वतः मोजलेले पैसे घेऊन बाहेर येईल, तेव्हा आपली मदत पुरी झाली असे समजावे.