दहा लाखांतले पाच-सहा

जूचंद्र-नायगावकडची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मिठाची रास म्हणजे काय हे सांगायला नको. अशा राशीतून कुणी दहा लाख खडे मोजून घेतले आणि म्हणालं, यातले पाच-सहा खडे वेगळे आहेत, पण दिसायला अगदी बाकीच्यांसारखेच; तर ते शोधायला कोण बसेल? जपानमधल्या त्सुकुबा इथं अनेक देशांचे शेकडो संशोधक असंच काम करत आहेत. त्यांच्या यंत्राचा एक नाजूक भाग आपल्या मुंबईच्या माणसांनी उभा केला आहे. नायगावहून लोकलनं चर्चगेट, तिथून बसनं नेव्हीनगर, इतक्या अंतरावर त्यांची संस्था आहे: टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. होमी भाभांनी १९४५ मध्ये ती सुरू केली. आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, आखाताचा व्हिसा यांची चर्चा रोज होते, या संस्थेचं नाव मात्र क्वचितच निघतं.

त्सुकुबाच्या जमिनीखाली तीन किलोमीटर घेराचं एक कडं आहे, त्याचं नाव सुपरकेईकेबी. त्यात एका दिशेनं इलेक्ट्रॉन आणि उलट दिशेनं पॉझिट्रॉन धावतात. त्यांची टक्कर जिथं होते तिथं १४०० टनांचं बेल-टू नावाचं उपकरण उभं आहे. टकरीतून बी मेसॉन नावाच्या जड कणांच्या जोड्या निघतात. बी मेसॉन प्रोटॉनच्या साडेपाच पटींहून थोडा जास्तच जड. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या दीडेक भागात त्याचं आयुष्य संपतं आणि तो हलक्या कणांत विघटित होतो.

हे विघटन अनेक प्रकारे होतं आणि त्यातले बहुतेक प्रकार ओळखीचे आहेत. संशोधकांचा डोळा एका दुर्मीळ प्रकारावर आहे. त्यात बी मेसॉनमधून एक केऑन आणि दोन न्यूट्रिनो निघतात. आजच्या सिद्धांताप्रमाणे दहा लाख बी मेसॉनांपैकी साधारण ५.६ मेसॉनच या वाटेनं जातात. (या सिद्धांताच्या उभारणीत अब्दुस सलाम यांचा मोठा वाटा आहे, ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्याबरोबर त्यांना १९७९ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकावर त्यांचा फोटो आहे, पण त्यांनी नेमकं काय केलं हे विचारलं तर मुलं गप्प होतात.)

दुर्मीळ म्हणून इतका आटापिटा कशासाठी? ज्या वाटेनं फारसं कुणी जात नाही तिथं एखादा अनोळखी माणूस आला तर लगेच नजरेत भरतो, गर्दीच्या रस्त्यावर तो कळतही नाही. तसंच इथं आहे. आपल्याला ठाऊक नसलेला एखादा कण निसर्गात असेल, तर अशा आडवाटेवर त्याच्यामुळं आकडा बदलेल. म्हणून प्रश्न एवढाच: दहा लाखांत पाच-सहा, की जास्त?

नववीच्या वर्गात आम्ही हे सांगत होतो तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, न्यूट्रिनो तर दिसतच नाही. मग तो निघाला हे कळलं कसं?" प्रश्न अगदी वर्मावर होता. न्यूट्रिनो पृथ्वीच्या आरपार जातो, उपकरणाला तो जाणवत नाही. उत्तर घरच्या हिशेबात आहे. महिन्याचा पगार किती आला हे अम्मीला पैशापर्यंत माहीत असतं. किराणा, दूध, भाडं, शाळेची फी, सगळं वहीत लिहिलेलं. बेरीज जुळली नाही तर काहीतरी न नोंदवता गेलं हे नक्की. सुपरकेईकेबीत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉननं किती ऊर्जा आणली ते ठाऊक असतं. टकरीनंतर दिसलेल्या कणांची ऊर्जा मोजली, जुळ्यातल्या दुसऱ्या बी मेसॉनचाही हिशेब लावला, आणि उरला फक्त एक केऑन व बरीचशी हरवलेली ऊर्जा. तर ती न्यूट्रिनोंनी नेली असावी.

'असावी' हा शब्द इथं महत्त्वाचा. वहीत चुकून एक नोंद राहून गेली तरी तूट दिसतेच. के-लाँग नावाचा एक कण कधी कधी खूण न ठेवता निसटतो आणि तोही न्यूट्रिनोसारखाच भासतो. खऱ्या घटनांपेक्षा अशा बनावट घटना कितीतरी जास्त. म्हणून या संशोधनातला बहुतेक वेळ शोधण्यात जात नाही, स्वतःवर शंका घेण्यात जातो. त्यांनी ओळखीची विघटनं घेतली, त्यातल्या म्युऑनांच्या नोंदी मुद्दाम पुसून टाकल्या, आणि आपली पद्धत तरीही बरोबर उत्तर देते का हे पाहिलं. शिवाय पद्धत पक्की होईपर्यंत खरा आकडा स्वतःपासूनच झाकून ठेवला. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड लावून नाव-नंबर लपवतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथं तपासणारा आपल्याच मनाला तपासत असतो.

मुंबईचा वाटा कुठं, ते आता सांगतो. बी मेसॉन जिथं फुटतो ती जागा अचूक टिपायला टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनचे सहा थर आहेत. त्यातल्या बाहेरच्या चार थरांच्या सेन्सरवर केसाच्या जाडीइतक्या अंतरानं पट्ट्या आहेत. या चारांपैकी एक, ज्याला चौथा थर म्हणतात, तो टाटा इन्स्टिट्यूटच्या गटानं उभा केला. जोडणी जपानमध्येच, काशिवा इथं झाली. या गटाशी प्रा. तारिक अझीझ यांचं नाव बरीच वर्षं जोडलेलं आहे. दिवाळीत जूचंद्रच्या कलाकारांच्या रांगोळ्या पाहायला आम्ही जातो तेव्हा चेहऱ्यावरची एकेक सुरकुती पावडरीनं उतरवणारा हात पाहून थक्क होतो. सेन्सरच्या तारा अर्थात यंत्रच जोडतं, पण त्यासाठी लागणारं सब्र त्याच जातीचं असावं.

ऑगस्ट २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत निकाल जाहीर झाला. २०१९ ते २०२२ या काळातल्या सुमारे ३८ कोटी ७० लाख जोड्या तपासल्या होत्या. हे विघटन होतं याचा पहिला पुरावा मिळाला. पण आकडा आला दहा लाखांत सुमारे २३, सात कमी किंवा सात जास्त धरून. अपेक्षा ५.६ ची होती!

वर्तमानपत्राला इथं मोठा मथळा दिसला असता. संशोधकांनी मात्र या निकालाला 'शोध' म्हटलं नाही, 'पुरावा' म्हटलं. २९ रमजानच्या संध्याकाळी गच्चीवरून एकानं चंद्र पाहिल्याचं सांगितलं तरी लगेच ईद जाहीर होत नाही. साक्ष घेतली जाते, कुठं उभा होतास, किती वेळ दिसला, ढग होते का, हे विचारलं जातं. या क्षेत्रात 'शोध' म्हणायचं असेल तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी कमी लागते. बेल-टूच्या पुराव्यात ती चार हजारांत एकच्या आसपास आहे, आणि आकडा सिद्धांताहून इतका जास्त येण्याबाबत जेमतेम तीनशेत एक. त्यातही दोन वेगळ्या पद्धती वापरल्या होत्या. एकीत २७ आले, दुसरीत ११. चुकांची मर्यादा धरली तर दोन्ही जुळतात, पण निर्धास्त व्हावं असं काही नाही.

सावध राहायला ताजं कारणही आहे. युरोपच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी गटाला २०२१ मध्ये बी मेसॉनच्याच दुसऱ्या एका दुर्मीळ विघटनात सिद्धांताशी न जुळणारं काही दिसलं, जगभर गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटानं जास्त माहिती घेऊन, पद्धत सुधारून पुन्हा मोजलं. फरक नाहीसा झाला होता, आणि तेही त्यांनी स्वतःच जाहीर केलं. आम्हाला त्यांच्या यशापेक्षा हे जास्त शिकवण्याजोगं वाटतं.

उलट, २३ चा आकडा टिकला तर मामला मोठा आहे. हरवलेली ऊर्जा केवळ न्यूट्रिनोच नेत नसतील, विश्वातल्या कृष्णद्रव्याशी नातं असलेला एखादा कणही तीच वाट धरत असेल. २०२४ पासून यंत्र पुन्हा टकरी घडवू लागलं आहे. जेवढी माहिती गोळा करायचं ठरलं आहे, तिच्या एक टक्काही या निकालात वापरलेली नव्हती.

"यातून मिळणार काय?" असं पालकसभेत एका अब्बांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. बी मेसॉनमधून घरात काही येणार नाही. पण मुलगी बीएस्सी फिजिक्स करते आहे आणि पुढं बीएडशिवाय काही सुचत नाही (आम्ही स्वतः बीएड आहोत, त्यामुळं या वाटेची निंदा नाही), तर आणखी एक वाट माहीत असावी. टाटा इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा देशभर होते. बीएस्सीनंतर एकात्मिक पीएचडीला आणि एमएस्सीनंतर पीएचडीला बसता येतं. निवड झाली की दरमहा विद्यावृत्ती मिळते. कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळी अभ्यासवृत्तीही आहे. आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या बारावीनंतरच उतरवून घ्याव्यात, शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नये.