विजेचा हिशेब

गेओर्ग ओहम हा जर्मनीतील एर्लांगेनच्या एका स्वयंशिक्षित कुलूप-कारागिराचा मुलगा. त्याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम त्रैराशिकाइतका सोपा आहे. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. घरच्या २३० व्होल्टवर शेगडी ५ अँपिअर घेत असेल, तर रोध ४६ ओहम आणि शक्ती १,१५० वॅट. अशा दोन शेगड्या एकाच तारेवर लावल्या, की प्रवाह दुप्पट होतो. पण तारेतील उष्णता चौपट! फ्यूजची तार वितळते ती या उष्णतेनेच. तिच्या जागी जाड तार घालणे म्हणजे भिंतीतील तारेलाच जळू देणे होय. म्हणून आम्ही कामगारांना सांगतो : मजुरीचा हिशेब मुकादमावर सोडू नये, तसा विजेचाही दुसऱ्यावर सोडू नये.