एका तारखेचे दोन हुकूम

भीमा नदीच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड असे हे दोन तालुके महसूल खात्याच्या दप्तरी निरनिराळे असले, तरी त्यांचे पाणी, पीक आणि संकट ही बहुतेक एकच असतात. रांजणगाव सांडसच्या संगमावर पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि तेथून खाली, मांडवगण फराट्याचा काठ असो की पलीकडचा नानगाव-पारगावचा असो, उसाचे फड इतके दाट होत जातात की डोंगर सोडून आलेल्या बिबट्यांनी त्यांत कायमचे बिऱ्हाड केले आहे, आणि रात्रीच्या विजेवर पाणी धरायला निघालेला माणूस बॅटरीबरोबर काठीही घेतो. नदीपासून दूर, मलठण, कवठे यमाई, पाबळ या शिरूरच्या वरच्या अंगाला मात्र बाजरी-ज्वारीच्या जोडीने कांद्याने ठाण मांडलेले आहे. ज्या कुटुंबाचे थोडे रान नदीला आणि थोडे माळाला आहे, ते एका पिकाची खोट दुसऱ्याने भरून काढण्याचा हिशेब वर्षानुवर्षे मांडत आले आहे. हा हिशेब दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी कसा चुकला, त्याची ही हकीकत.

७ डिसेंबर २०२३ या तारखेस दिल्लीहून दोन हुकूम सुटले. विदेश व्यापार महासंचालनालयाने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. आणि अन्न खात्याने साखर कारखान्यांना चालू हंगामात उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल करण्यास मनाई केली. खाती दोन आणि मजकूर दोन. पण भीमेच्या काठी दोन्ही टपाल एकाच उंबऱ्यावर येऊन पडले.

हे हुकूम लहरीने निघाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन ऊसप्रांतांत साखरेचे उत्पादन घटणार असे अदमास निघाले होते, कांद्याचे भाव चढले होते, आणि लोकसभेची निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. ज्या सरकारने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये सुमारे ८० कोटी लोकांना धान्य पुरवण्याची जबाबदारी पत्करली आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य द्यावयास घेतले आहे, त्याने स्वयंपाकघरातील महागाईची चिंता वाहू नये असे कोण म्हणेल? शहरातल्या मजुराला कांदा परवडला पाहिजे, हे कांदा पिकवणाराही नाकारीत नाही. त्याची तक्रार इतकीच की या स्वस्ताईची रक्कम सरकारी अंदाजपत्रकात कोठे दिसत नाही, ती गुपचूप त्याच्या खात्यावर नावे पडते.

कांद्याची गोष्ट थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात काढून, पात कापून, काही दिवस शेतातच आरण घालून सुकवला की तो बराखीत जातो. सरकारी कागदांत जिला कांदाचाळ म्हणतात ती ही बराख म्हणजे जमिनीपासून वीत-दोन वीत उचललेला, लाकडी पट्ट्यांच्या किंवा बांबूच्या भिंतींचा लांबट पिंजरा. त्यातून वारा आरपार खेळला पाहिजे, वरून थेंब पडता कामा नये, आणि थर फार उंच होता कामा नये. एवढे सांभाळूनही कांदा जिवंत असल्यामुळे श्वास घेतो, सुकतो आणि वजनाने घटतो. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत त्यावर काजळी धरते, आश्विनात कोंब फुटू लागतात, आणि एखाद्या सकाळी बराखीच्या तळाशी ओल दिसून आंबूस वास आला की घरच्या बायका सारा थर उपसून सडका माल निवडावयास बसतात. दिवाळीपर्यंत ठेवलेल्या मालातला कधी तिसरा हिस्साही असा जातो. भाव वाढेल या आशेवर शेतकरी ही घट सोसतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात साठेबाजी दिसत असेल. मला तर यात पाच महिन्यांची जोखीम दिसते, आणि ती उचलल्याबद्दल त्याला कोणी मेहनताना देत नाही. कांद्याला आधारभूत किंमतही नाही.

आता या बराखीशेजारी दिल्लीचे घड्याळ ठेवून पाहावे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, बराखी भरलेल्या असताना, निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर, उरलेला माल निघू लागला तेव्हा, टनाला ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत आली. डिसेंबरात, नवा माल बाजारात येत असताना, संपूर्ण बंदी. काही दिवसांतच भाव निम्म्याच्या जवळ आले. केडगावच्या उपबाजारात काय किंवा चाकणला काय, दहा किलोला पुकारल्या जाणाऱ्या बोलीतून शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा जाता काय उरते, हे ज्याने ती पट्टी हातात घेतली त्यालाच कळावे. मार्चमध्ये मुदत संपण्याआधीच बंदी पुढे चालू ठेवल्याचे जाहीर झाले. एप्रिलमध्ये गुजरातेतील २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा पुणे-नाशिककडे जो संताप उसळला तो टनांच्या आकड्यापेक्षा दुजाभावाच्या शंकेने अधिक होता. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. परंतु ५५० डॉलरची किमान किंमत आणि वर ४० टक्के शुल्क, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला टन ७७० डॉलरच्या आत पडूच नये अशी तजवीज करून. सप्टेंबरात किमान किंमत गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. दार सताड उघडले खरे, पण शुल्क उठूनही त्या वर्षी भाव वर आले नाहीत. परदेशचे गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची वाट शिकले की पाटी फिरवल्याने परत येत नाही, हे कोणत्याही पेठेतला वाणी सांगेल. राजकारणाचे म्हणाल, तर डिसेंबर २०२३ च्या अखेरीस शिवनेरीहून पुण्यापर्यंत निघालेला शेतकरी आक्रोश मोर्चा आणि पुढे शिरूर लोकसभा मतदारसंघात त्याच मोर्चातील अमोल कोल्हे यांचा विजय, एवढा उल्लेख पुरे.

उसाचे प्रकरण निराळे. त्याला भावाची कायदेशीर हमी आहे, आणि म्हणूनच त्याचा जाच बाहेरच्यास दिसत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन रास्त व किफायतशीर दर, म्हणजे ज्याला आता गावोगाव एफआरपी म्हणतात तो, आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असून त्यावरच्या प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे उतारा ११ टक्के असेल तर टनाला ३,८०९ रुपये ५० पैसे होतात, आणि त्यातून तोडणी व वाहतूक वजा होते. ही रक्कम ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत द्यावयाची, न दिल्यास १५ टक्के व्याज, असा कायदा. ती हप्त्यांनी देण्याची मुभा देणारा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा काठावरच्या गावांत समाधान झाले.

परंतु दर देणाऱ्या कारखान्याच्या तिजोरीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१८-१९ मध्ये २७५ रुपये असलेला उसाचा दर चढत गेला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली ती पुढे अनेक हंगाम तेथेच खिळून राहिली. ही फट भरून काढण्यासाठी सरकारनेच कारखान्यांना इथेनॉलची वाट दाखवली, पेट्रोलात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले, कर्जावरील व्याजात सवलत दिली, आणि कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. मग ऐन गाळपात ७ डिसेंबरचा हुकूम आला. आठवड्याभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवण्यास मुभा मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ अखेर पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठलेही. दरम्यान, ज्या टंचाईच्या भयाने हे केले ती टंचाई आलीच नाही: त्या हंगामात एकट्या महाराष्ट्रात सुमारे ११० लाख टन साखर निघाली, आदल्या हंगामापेक्षा अधिक. उसाने सोडलेली जागा मक्याने आणि तांदळाने घेतली. आज देशातले निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्याचे आहे.

या साऱ्या काळात दौंडची गुऱ्हाळे आपल्या धुराड्यांतून निवांत धूर सोडीत होती. केडगाव-राहू भागातील या गुऱ्हाळांना एफआरपी नाही आणि उताऱ्याची भानगडही नाही. चुलवाणावर काहील चढते, भेंडीच्या रसाने मळी वर येते, गुळव्या चाटूवरची तार पाहून काहील उतरवतो, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसे लवकर पडतात. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे दोन सहकारी कारखाने या तालुक्यांचे अभिमानविषय. त्यांपैकी भीमा अनेक हंगाम बंद राहून पुढे भाडेपट्ट्याने कर्नाटकातील खासगी समूहाकडे गेला. अशा दिवसांत गुऱ्हाळाने किती फड सांभाळले याची मोजदाद कोणी ठेवली नसावी. १ मे २०२५ च्या नव्या साखर नियंत्रण आदेशाने दररोज ५०० टनांहून अधिक गाळणाऱ्या खांडसरीही नियमांच्या कक्षेत आल्या आहेत. काहिलीवरच्या लहान गुऱ्हाळाला त्याची झळ नाही.

दूरच्या घडामोडींनी इथल्या शेताचा हिशेब उलटण्याचा प्रकार या मुलखाला नवा नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली आणि कापसाची तेजी ओसरली; पुढच्या काही वर्षांत सुधारलेली जमाबंदी वाढीव साऱ्यासह आली; मधली तफावत रयतेने सावकाराकडे खते लिहून भागवली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे हुकूमनामा घेऊन आलेल्या सावकाराने गावच्या देशमुखाचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. आणि १२ मे १८७५ रोजी, आजचा दौंड ज्याचा भाग होता त्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांची दप्तरे काढून जाळली. तट्टांसाठी ख्याती पावलेले भीमथडीचे नाव त्या वर्षी लंडनपर्यंत गेले. चौकशी आयोग बसला, १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या लोकांना निदान आपले वैरी असलेले कागद कोणाच्या ओसरीवर आहेत हे ठाऊक होते. आजचा हुकूम संगणकाच्या पडद्यावर प्रसिद्ध होतो.

शिरूरच्या शेजारी, खेड तालुक्यातल्या आंबेठाणला जमीन घेऊन शेती करणाऱ्या शरद जोशींनी १९७८ पासून चाकणच्या बाजारात कांद्याचे आंदोलन उभे केले, आणि पुढे ‘उणे सबसिडी’ हा शब्द रूढ केला: शेतमालाचा भाव निर्बंधांनी खाली दाबून सरकार शेतकऱ्याकडूनच अनुदान वसूल करते, असा त्याचा आशय. खुल्या बाजाराविषयीची त्यांची सारी श्रद्धा मला पटते असे नाही. बाजारही बराखवाल्याचा सोयरा नव्हे. पण त्या एका शब्दाचा प्रतिवाद ७ डिसेंबरच्या हुकमांना करता आला नाही. बंदी घालावीच लागली तर ती पेरणीपूर्वी जाहीर करावी, आणि तिच्या मुदतीत पडलेला भाव सरकारी तिजोरीतून भरून द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी वाटत नाही.

बंदी जाहीर झाली त्या आठवड्यात कवठ्याच्या माळावर उन्हाळी कांद्याची लावणी जोरात होती. ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर टाकलेले रोप तोवर दीड महिन्याचे झाले होते. आणखी पंधरवडा वाफ्यात राहिले असते तर मान जाड होऊन ते लावणीच्या कामाचे उरले नसते. वर्तमानपत्रातली बातमी बांधावरच्या साऱ्यांना ठाऊक होती. शेंडे खुडलेल्या रोपांच्या जुड्या पाटाच्या कडेला ओल्या गोणपाटाखाली रचून ठेवल्या होत्या, वाफ्यांत पाणी सोडले होते, आणि गुडघाभर लुगडी खोचलेल्या दहा-बारा बायका ओळीने वाकून चिखलात बोटभर अंतरावर एकेक रोप टोचीत मागे सरकत होत्या.